बरी आहेस ना?

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ॲडमिशनची धावपळ ओसरली की आमच्या हॉस्टेलच्या मेसमधली टेबलं भिंतीला लागतात आणि नव्या कर्मचाऱ्यांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण सुरू होतं. या वेळी सात जण होते. दोन असिस्टंट रेक्टर, दोघीही नुकत्याच एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यात एमए, झालेल्या. दोन रात्रपाळीचे वॉचमन, साफसफाईच्या दोन मावशी आणि मेसमध्ये वाढणारा एक मुलगा. दादर आणि माटुंग्याच्या मधल्या भागात, मध्य रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावरच्या या मुलींच्या हॉस्टेलवर मी २००९ पासून रेक्टर आहे. हे प्रशिक्षण मी स्वतः घेते आणि त्याची सुरुवात दर वर्षी एकाच कामाने होते. प्रत्येकाने समोरच्याच्या डोळ्यांत बघून एक वाक्य मोठ्याने म्हणायचं.

"तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत का?"

तुम्हीही म्हणून बघा. शब्द साधे आहेत, पण घशात अडकतात. एमएसडब्ल्यू झालेल्या मुलींनी हा प्रश्न इंग्रजीत चटकन म्हटला; मराठीत म्हणताना दोघींचा आवाज खाली गेला. मेसमधला मुलगा फरशीकडे बघून पुटपुटला. एका वॉचमन काकांना तर म्हणताच येईना. साठीला टेकलेला माणूस, सातारकडचे, आधी भांडुपला एका सोसायटीत कामाला होते. टोपी हातात घेऊन ते उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, असलं अभद्र तोंडातून कशाला काढायचं? वास्तू तथास्तु म्हणते."

माझी आईही हेच म्हणायची. तिन्हीसांजेला वाईट बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो. आपल्या सगळ्यांच्या घरात हे मुरलेलं आहे. म्हणून आपण म्हणतो, "जिवाचं काही बरंवाईट करू नकोस हं." किंवा, "वेडंवाकडं काही मनात आणू नकोस." यातला एकही प्रश्न नाही, दोन्ही आज्ञा आहेत. आज्ञेवर मुलगी "नाही मॅडम" म्हणते आणि विषय संपतो.

आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा प्रश्न म्हणजे, "बरी आहेस ना?" त्या शेवटच्या "ना"मध्ये उत्तर आधीच घालून ठेवलेलं असतं. हे मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही.

२०१२ साली, मी दुसऱ्या एका कॉलेजच्या हॉस्टेलवर काही महिने बदली म्हणून होते. सेकंड इयरची एक मुलगी, दोन विषयांत नापास होऊन केटी लागलेली. तीन दिवस मेसमध्ये जेवायला आली नव्हती. रात्री दहाच्या राउंडला मी तिच्या दारात थांबले आणि विचारलं, "बरी आहेस ना गं?" ती म्हणाली, "हो मॅडम." मी हजेरीपुस्तकात तिच्या नावापुढे टिक केली आणि पुढच्या खोलीकडे गेले. पहाटे चारला तिची रूममेट माझं दार बडवत होती.

ती वाचली. आठवड्याने वॉर्डमध्ये मी तिच्या कॉटशेजारी बसले होते, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही आलात तेव्हा मला सांगायचं होतं. पण तुम्हाला 'हो' ऐकायचं होतं."

ही गोष्ट इथेच संपली असती तरी पुरे होती, पण संपली नाही. ती डिस्चार्ज होऊन आली, तेव्हा ऑफिसने एक कागद तयार ठेवला होता. "मी स्वेच्छेने हॉस्टेल सोडत आहे." पेपरात नाव येईल याची भीती होती सगळ्यांना. तो कागद तिच्या वडिलांसमोर मी ठेवला. हातातली पिशवी मांडीवर घेऊन त्यांनी सही केली, आणि पुन्हा पुन्हा माझेच आभार मानले. त्या सहीबद्दल मी दर प्रशिक्षणात सांगते. नव्या माणसांना हे कळायला हवं की प्रश्न न विचारणं ही पहिली चूक होती आणि तिला घरी पाठवून देणं ही दुसरी, आणि दुसरी मी शुद्धीत राहून, विचार करून केली.

थेट विचारलं तर नसलेली कल्पना डोक्यात शिरेल, ही शंका दर वर्षी कुणीतरी काढतंच. काढावीच. यावर बऱ्याच देशांत अभ्यास झाले आहेत, आणि थेट विचारल्याने धोका वाढतो असं त्यांत आढळलेलं नाही. अनुभवही तेच सांगतो. प्रश्न नीट विचारला की मुलीचे खांदे खाली येतात. इतके दिवस एकटीने धरून ठेवलेली गोष्ट कुणीतरी नाव घेऊन विचारली, एवढ्यानेच तिला बोलता येतं. "नाही हो मॅडम, इतकं काही नाही" असं उत्तर आलं तर तेही खरं असू शकतं, आणि मग इतकं नसलेलं जे काही आहे त्याबद्दल बोलणं सुरू होतं.

दुसरी शंका पोलिसांची. "आपल्यावर येईल का?" हा प्रश्न वॉचमन आणि मावशी विचारतात, कारण चौकशी झाली तर पहिल्यांदा त्यांनाच उभं केलं जाईल हे त्यांना ठाऊक असतं. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणाऱ्या, जुन्या दंडसंहितेच्या कलम ३०९ ची दहशत अजून गेलेली नाही. मी त्यांना सांगते की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ ने हे बदललं. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच कायदा गृहीत धरतो आणि तिच्यावर खटला चालवून शिक्षा करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते ३०९ कलम उरलेलंच नाही. हॉस्पिटलमध्ये एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद होईल, पोलीस दोन प्रश्न विचारतील, त्याला उत्तरं द्यायची. पण त्या भीतीपायी एक मिनिटही उशीर करायचा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची एक मार्गदर्शिका काढली. तिचं सूत्र तीन शब्दांचं आहे. आम्ही मराठीत म्हणतो: पाहा, ऐका, जोडून द्या. त्यातलं "पाहा" कुणी कुणाला शिकवायचं, याबद्दल माझं मत गेल्या काही वर्षांत पूर्ण बदललं. आता त्या तासाला मी बसते आणि जुन्या मावशी बोलतात.

आमच्या एक मावशी बावीस वर्षं दुसरा मजला झाडतात. त्यांना लिहिता येत नाही, पण त्या मजल्यावर काय चाललंय ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. त्या नव्यांना सांगत होत्या: "अंथरूण रोज उचलणारी पोरगी चार दिवस उचलत नाही, ते बघायचं. डबा आणते पण तसाच ओतते, ते बघायचं. बादली दाराबाहेर येत नाही, म्हणजे आंघोळ नाही. घरचा फोन आला की जिन्यात जाऊन बोलायची, आता खोलीत वाजत राहतो. आणि एखादी महिनाभर रडत होती, अन् अचानक एक दिवस शांत झाली, आपली चांगली ओढणी, घड्याळ मैत्रिणींना वाटायला लागली, तर सुटली बिचारी असं समजायचं नाही. त्याच दिवशी मॅडमकडे यायचं." असिस्टंट रेक्टर भराभर लिहून घेत होत्या. माझ्या दृष्टीने दोन दिवसांतला सगळ्यात मोलाचा अर्धा तास तो होता.

"ऐका" हा भाग कठीण, कारण आपल्याला धीर द्यायची घाई असते. प्रशिक्षणात मी मुलीची भूमिका करते आणि समोरच्याने फक्त ऐकायचं असतं. साधारण वीस सेकंदांत कुणीतरी म्हणतंच, "अगं, एवढ्याशा केटीसाठी?" आणि लगेच पुढचं, "आईबापाचा तरी विचार कर."

या दुसऱ्या वाक्यावर मी नेहमी थांबते. आमच्याकडच्या कितीतरी मुली बीड, नांदेड, नंदुरबार, गडचिरोलीहून आलेल्या. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरलेला, त्याची स्थिती महिनोन्‌महिने बदललेली नाही, कॉलेज फीसाठी तगादा लावतंय, मेसचं बिल थकलंय. वडिलांनी घेतलेल्या कर्जाचा आकडा तिला पाठ आहे. अशी मुलगी आईबापाशिवाय दुसरा कसलाच विचार करत नसते. आपण त्यांच्यावर ओझं आहोत, आपण नसलो तर ते सुटतील, इथपर्यंत तो विचार गेलेला असतो. तिला "आईबापाचा विचार कर" म्हणणं म्हणजे जिथे दुखतंय तिथेच दाबणं. त्याऐवजी काय म्हणायचं? खरं तर फार काही नाही. "हे तू किती दिवसांपासून एकटीने वागवतेयस?" आणि गप्प बसायचं. गप्प बसायचा सराव आम्ही घड्याळ लावून करतो, एक पूर्ण मिनिट. करून बघा, मिनिट किती मोठं असतं ते कळेल.

आणखी एक वाक्य सगळ्यांकडून पाठ करून घेते. मुलगी म्हणते, "मावशी, कुणाला सांगणार नसाल तर सांगते." तिथे "आईशप्पथ नाही सांगणार" म्हणायचं नाही. म्हणायचं, "चारचौघांत बोलणार नाही. पण तुझ्या जिवाचा प्रश्न असेल तर एका माणसाला सांगेन, आणि कुणाला सांगतेय ते तुला आधी सांगेन." शब्द देऊन मोडला की ती मुलगी पुढच्या वेळी कुणाकडेच जात नाही. आमच्याकडे अकरावी-बारावीच्या मुलीही राहतात. अठरा वर्षांखालच्या मुलीने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, म्हणून तिथे तर गुप्ततेचं वचन देण्याचा हक्कच आपल्याला नाही.

घरी फोन करायचा की नाही, यावर दर वर्षी वाद होतो. ऑफिसचा आग्रह असतो की पालकांना ताबडतोब कळवा. बहुतेकदा ते बरोबरही असतं. पण एखादीला घरूनच लग्नासाठी धाक असतो, एखादीचं आंतरजातीय प्रेम घरी कळलेलं असतं, आणि तो एक फोन धोका वाढवतो. म्हणून आम्ही मुलीला विचारतो, "घरात कुणाशी बोलणं तुला सोपं जातं?" मावशी, मोठी ताई, आजोबा, जे नाव येईल तिथून सुरुवात करायची.

"जोडून द्या" म्हणजे फोन आणि रस्ते. प्रत्येक मजल्यावर, मोठ्या अक्षरांत, मराठीत: रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२, टेली-मानस १४४१६. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केली. फोन मोफत आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं. प्रशिक्षणात सगळ्यांना तो नंबर मी प्रत्यक्ष लावायला लावते, कारण आधी कधीच न लावलेला नंबर माणूस रात्री दोन वाजता लावत नाही.

रस्त्यांचंही तसंच. इथून परळचं केईएम हॉस्पिटल जवळ, सायन हॉस्पिटलही जवळ. पण मुसळधार पावसात हिंदमाताला पाणी तुंबलं की परळकडे गाडी जाणं मुश्कील, आणि सायनकडे वळावं तर किंग्ज सर्कल, गांधी मार्केटला पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी या हॉस्टेलवर नव्हते, पण इथल्या जुन्या मावशी होत्या, आणि त्यांनी तापाने फणफणलेल्या मुलीला खांद्यावर घेऊन कसं नेलं ते अजून सांगतात. म्हणून पावसाळ्यात कुठला रस्ता कधी बंद होतो हे वॉचमनला पाठ हवं, आणि जवळच्या एका डॉक्टरांचा घरचा नंबर भिंतीवर हवा.

शरीराकडे आधी बघा, हे मी वेगळं सांगते. रडत, थरथरत, घामाघूम झालेली मुलगी "टेन्शनमुळे" अशी झाली असं ठरवून मोकळं व्हायचं नाही. आमच्याकडे एक मुलगी होती, तिची साखर उतरली होती आणि अर्धा तास सगळ्या मैत्रिणी तिला "दीर्घ श्वास घे" सांगत होत्या. फिट आली तर चप्पल हुंगवायची नाही, कांदा फोडायचा नाही, दातांत चमचा घालायचा नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली ओढणीची घडी, आजूबाजूच्या वस्तू बाजूला, आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा थांबून लगेच पुन्हा आली, तर १०८. या वर्षी हे सांगून झाल्यावर नव्या मावशी हळूच म्हणाल्या, "पण बाहेरचं असलं तर?" त्यांच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. अंगारा लावायचा असेल तर मुलीची हरकत नसेल तेव्हा लावा, पण गाडीत बसल्यावर. गाडी आधी.

२५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शिकवणाऱ्या आणि न शिकवणाऱ्या, सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा असं प्रशिक्षण द्यायचं, तेही तज्ज्ञांकडून. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक हवा. हेल्पलाइनचे नंबर हॉस्टेलमध्ये ठळकपणे लावायचे. मला हे वाचून फार बरं वाटलं. "न शिकवणाऱ्या" हा शब्द विशेष. कारण समुपदेशक संध्याकाळी पाचला घरी जातात आणि माझ्या नोंदवहीतल्या बहुतेक नोंदी रात्री अकरा ते पहाटे चारच्या आहेत. त्या वेळी जाग्या असतात त्या मावशी आणि वॉचमन. त्यांना वगळून केलेलं प्रशिक्षण मला अर्धवट वाटतं. आता आमच्याकडे ऑगस्टच्या तुकडीत समुपदेशक दोन्ही दिवस पूर्णवेळ बसतात, आणि रात्रपाळीवाल्यांना त्या दोन दिवसांचा पगार वेगळा मिळतो. त्यासाठी मला चार अर्ज करावे लागले.

आता त्या वॉचमन काकांबद्दल. जे लिहितेय ते त्या मुलीला विचारून लिहितेय, आणि ती ओळखू येईल असं सगळं काढलंय.

गणपतीचे दिवस होते. निम्मं हॉस्टेल घरी गेलेलं, बाहेर कुठेतरी ढोल वाजत होते. रात्री दोनच्या सुमाराला माझा फोन वाजला. काका गेटवरून बोलत होते, आवाज एकदम हळू.

"मॅडम, एक पोरगी जिन्याच्या पायरीवर येऊन बसलीय. विचारलं मी."

"काय विचारलंत?"

"तेच. ते वाक्य."

"मग?"

"हो म्हणाली. मावशींना उठवलंय, त्या तिच्याजवळ बसल्यात. मी इथेच आहे, दिसेल असा. तुम्ही या."

मी गेले तेव्हा मावशींनी तिच्या अंगावर आपली शाल टाकली होती आणि दोघी काहीच बोलत नव्हत्या. काका गेटजवळ स्टुलावर, तिच्याकडे पाठ न करता. आम्ही तिथेच पायरीवर बसलो. तासाभराने १४४१६ लावला, ती स्वतः बोलली. "आईला नको, ताईला सांगा," म्हणाली. ताई पुण्याहून पहिल्या मिळेल त्या गाडीने आली आणि आम्ही तिघी केईएमच्या मानसोपचार विभागाच्या ओपीडीत केसपेपर काढून रांगेत बसलो. या वेळी कुठलाही कागद तयार ठेवलेला नव्हता. तिची खोली तिचीच राहिली. मैत्रीण आणि मावशी आळीपाळीने काही रात्री तिच्याबरोबर झोपल्या.

सकाळी काका पाळी संपवून लोकलने दिव्याला जायला निघाले होते. त्यांना मी थांबवलं, चहा दिला. अशा रात्रीनंतर जो जागा होता त्याला तसंच घरी पाठवायचं नाही, हा आमचा नियम आहे. कप धरताना त्यांचा हात थरथरत होता. म्हणाले, "माझ्या धाकटीच्या वयाची आहे." मग बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मीही मिनिट मोजलं नाही.

त्यानंतर रोज पाळीवर येताना ते माझ्या टेबलापाशी थांबतात. तिला काय झालं होतं, डॉक्टर काय म्हणाले, पुढे काय, हे विचारायचं नाही हे त्यांना माहीत आहे, आणि ते विचारत नाहीत. फक्त म्हणतात, "मॅडम, आपली पोरगी?"

"जेवतेय, काका," मी सांगते. "काल दोन पोळ्या जास्त घेतल्या."

टोपी नीट करून ते गेटकडे जातात.